कॅलप्रोटेक्टिनची तपासणी: दहा महिने, सात रिपोर्ट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो, त्यामुळे आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय त्यावर माझा विश्वास बसत नाही. संडासातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन, मोजायची तपासणी मी दहा महिन्यांत सात वेळा केली. ज्यांना डॉक्टरांनी ती नव्यानं लिहून दिली असेल, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

दोन वर्षं माझा उजवा गुडघा आणि घोटा सुजायचा. सकाळी मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागायची. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही पेनकिलर आणायचो आणि दिवस ढकलायचो. पोटाचं मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागायचं, आव पडायची, कधी रक्तही दिसायचं. मूळव्याध असेल म्हणून गप्प बसलो होतो. सांधेवाताच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सांधेवाताच्या दोन्ही चाचण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, निगेटिव्ह. शरीरातली सूज रक्तात दाखवणारा सीआरपी 6, म्हणजे जेमतेम वर. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पोट कसं असतं?" मी खाली बघितलं, आणि बायकोनंच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी कॅलप्रोटेक्टिनची तपासणी लिहून दिली. पहिला रिपोर्ट आला 640. साधारण 50 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर आतड्याला सूज नाही असं धरतात, 250 च्या वर गेलं की सूज जोरात आहे असं समजतात, आणि मधला पट्टा संशयाचा. कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे नळीनं मोठं आतडं आतून बघितलं, तुकडा तपासला, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, निघाला. सांधे सुजत होते तेही त्याच आजारापायी.

मग सीआरपी का बोलला नाही? हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून समजून घेतलं. सीआरपी यकृतात तयार होतो. शरीरात दाहाचा निरोप जोरात पोचला तर तो वाढतो. कोलायटिसची सूज मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती असते, त्यामुळे रक्तात बऱ्याचदा फारसं काही उमटत नाही. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. अस्तर सुजलं की या पेशी तिथं धावतात, आतड्यात उतरतात आणि ते प्रथिन संडासाबरोबर बाहेर येतं. नॉर्वेच्या मॅग्ने फागरहॉल यांच्या गटानं 1980 मध्ये पांढऱ्या पेशींतून ते वेगळं केलं. ते सहज कुजत नाही, म्हणून तर नमुना डब्यातून लॅबपर्यंत टिकतो.

नमुन्याचं सांगतो, कारण माणसं तिथंच अडतात. तपकिरी झाकणाचा छोटा डबा मिळतो, झाकणालाच आतून चमचा असतो. मी पहिल्यांदा डबा गच्च भरून नेला. लॅबमधल्या ताई म्हणाल्या, "काका, एवढं नको, चमचाभर पुरतं." आता भांड्यावर वर्तमानपत्र पसरतो, पाणी आणि लघवी लागू देत नाही, डब्यावर तारीख-वेळ लिहितो आणि पिशवीत घालून तासाभरात राजारामपुरीत पोचवतो. लाज पहिल्या दोन वेळा वाटली, आता वाटत नाही.

औषध सुरू झालं सल्फासॅलाझीन. हे औषध स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्त्झ यांनी 1930 च्या दशकाअखेरीस सांधेवाताच्या रोग्यांसाठी घडवलं, आणि कोलायटिसवर त्याचा गुण आला. दोन भाग जोडून ते केलंय, आणि तो जोड मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. आजार माझ्या पोटात आणि गुडघ्यात, आणि औषधही दोन्हींसाठी एकच, हे मला फार पटलं. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. रक्तातल्या पेशी आणि यकृत मात्र ठरल्या वेळी तपासावंच लागतं.

तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट 180. पाचव्या महिन्यात एका दुसऱ्या लॅबनं स्वस्तात घरी येऊन नमुना नेला आणि आकडा आला 430. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोट तर बरं होतं. मग डोक्यात आलं, आपण दोन वेगळ्या गेजनं एकच जॉब मोजला की काय? त्याच आठवड्यात जुन्या लॅबला पुन्हा दिला, 165. डॉक्टर म्हणाले, किट बदललं की आकडा पुष्कळ बदलतो, आणि रोजचा थोडाफार चढउतार असतोच, 180 आणि 165 मधला फरक धरू नका. त्या लॅबवाल्यांनी पद्धत वेगळी आहे हे रिपोर्टवर एका ओळीत तरी लिहायला हवं होतं. लॅब एकदा धरली की सोडू नका, चार पैसे जास्त गेले तरी.

आठव्या महिन्यात 290. या वेळी चूक माझी. लेथचा जड चक उचलताना कंबर भरली आणि चार दिवस पेनकिलर घेतली, डॉक्टरांना न विचारता. असल्या गोळ्यांनी आतड्याचं अस्तर दुखावतं आणि आकडा वर जातो. गोळी बंद करून तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, 95. साध्या जुलाबाच्या संसर्गातही तो वाढतो, म्हणजे हा आकडा रोगाचं नाव सांगत नाही. सूज आहे एवढंच सांगतो. कोलोनोस्कोपीची जागा तो घेत नाही, पण ती दर वेळी करायची वेळ मात्र येऊ देत नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

तांबड्या रश्श्यानं आकडा वाढतो का, हे मला निम्म्या कोल्हापूरनं विचारलंय. तपासणी तिखट मोजत नाही, पांढऱ्या पेशींचं प्रथिन मोजते. मला सोसत नाही म्हणून मी कमी खातो, एवढंच.

जॉब लिहायच्या वहीत मी शेवटी एक पान केलंय: तारीख, लॅब, आकडा, गोळी घेतली का, आणि गुडघ्याचा घेर. घेर सकाळी उठल्या उठल्या टेपनं वाटीच्या मधोमध घेतो. पहिल्या दिवशी 41.5 सेंटीमीटर होता, 180 आला तेव्हा 39 आणि 62 चा शेवटचा रिपोर्ट आला त्या सकाळी 38. डावा पहिल्यापासून 38 च आहे.