चिठ्ठी न वाचता मोजून दिलेले ३,८०० युआन

दक्षिण चीनमधील ग्वांगशी प्रदेशात, शिंगपिंगहून लोंगजीच्या भातखाचरांकडे जाताना, आमची ३,८०० युआनची फसवणूक झाली. पुण्यातून निघताना मी १२ रुपये ६० पैसे दराने युआन घेतले होते, म्हणजे हे ४७,८८० रुपये झाले. चांदी म्हणून आम्हाला जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्ताचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू, विकले गेले. परतल्यावर कित्येक आठवडे मी हा विषय घरातही काढू दिला नाही. माझी ३३ वर्षे बँकेत गेली. लोकांच्या सह्या, तारखा आणि अक्षरी रकमा तपासण्यावर माझे पोट चालले, आणि परदेशात मीच एक कागद न वाचता खिशात घातला, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. परंतु २०२५च्या ऑक्टोबरअखेर कोलकाता–ग्वांगचौ थेट विमान पुन्हा सुरू झाल्यापासून ओळखीतली तीन कुटुंबे तिकडचा बेत आखत आहेत आणि प्रत्येक जण मला विचारतो आहे की प्रवास कसा झाला. म्हणून लाज बाजूला ठेवून सगळे रकमांसकट लिहितो आहे.

आम्ही नोव्हेंबरात गेलो. ग्वांगचौहून वेगवान रेल्वेने दोन-अडीच तासांत यांगश्वो नावाच्या स्टेशनावर उतरलो. हे स्टेशन यांगश्वो गावात नाही, तेथून बरेच दूर, शिंगपिंगजवळ आहे, आणि नेमक्या याच गोंधळावर स्टेशनाबाहेरच्या गाडीवाल्यांचा धंदा चालतो. आमचे हॉटेल शिंगपिंगलाच होते. बाहेर तिघांनी १०० आणि १२० युआन सांगितले. चौथ्याने ३० सांगितले, क्यूआर कोडवर तेवढेच घेतले, सामान स्वतः उचलले आणि दारापर्यंत सोडले. आमची सगळी फसवणूक या ३० युआनच्या प्रामाणिकपणावर उभी राहिली. पहिला व्यवहार चोख असला की माणूस दुसऱ्या व्यवहारात दप्तर उघडून बघत नाही, हे मी ग्राहकांना शेकडो वेळा सांगितले असेल.

पुढचे दोन दिवस हाच ड्रायव्हर आमच्या सोबत होता. ली नदीवरचे ‘बांबूचे तराफे’ खरे तर प्लास्टिकच्या जाड नळ्यांचे आणि मोटार लावलेले असतात, अधिकृत खिडकी सोडून कोणाकडूनही तिकीट घेऊ नका, असे त्यानेच आम्हाला बजावले. २० युआनच्या नोटेच्या मागे जे डोंगर छापले आहेत ते शिंगपिंगच्या काठावरून दिसतात. तेथे पाणकावळे खांद्यावर घेऊन उभा असलेला म्हातारा फोटोचे पैसे मागतो, तर आधी किंमत ठरवा, हेही त्यानेच सांगितले. माझी पत्नी शुद्ध शाकाहारी आहे. तिकडे भाजीसुद्धा बरेचदा डुकराच्या चरबीत परततात. याने एका कागदावर चिनीत ‘मांस नको, चरबी नको, अंडे नको’ असे लिहून दिले आणि दोन्ही रात्री स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला तो कागद दाखवला. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद असताना, जो माणूस तुमच्या बायकोच्या ताटाची काळजी घेतो त्याच्यावर संशय कसा घ्यायचा, हे मला अजूनही कोणी सांगावे. आम्ही बावळट होतो म्हणून फसलो, असे म्हणणाऱ्यांनी ते दोन दिवस आमच्या जागी काढून पाहावेत.

लोंगजीला सोडण्याचे त्याने ९०० युआन सांगितले. मी आदल्या रात्री अलिपे या फोनवरून पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपवरून दिले. आपले परदेशी कार्ड त्याला जोडलेले असले की २०० युआनच्या वरच्या रकमेवर तीन टक्के आकार लागतो, तसे माझे २७ युआन जास्त गेले. मी ते त्याला सहज बोलून दाखवले. ही माझी पहिली चूक, कारण मी कुठे चुटपुटतो हे त्याला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी एक बोगदा ओलांडल्यावर त्याने गाडी उजवीकडे आत घेतली. मावशीचे गाव आहे, तेलाचा चहा पिऊन जाऊ, असे त्याच्या फोनवरच्या अनुवादकाने मराठीत नव्हे पण समजेल अशा हिंदीत सांगितले. दारात एक कारागीर ठोकठोक करीत बसला होता. आत भरतकाम केलेल्या निळ्या-काळ्या पोशाखातल्या एका बाईने चहापत्ती आणि आले लाकडी ठोकणीने कुटून तेलात परतले, पाणी घालून उकळले आणि वर तांदळाच्या लाह्या व शेंगदाणे टाकून वाट्या पुढे केल्या. कडवट, खारट आणि गरम होता तो चहा. त्या बाजूचा हा खराखुरा घरगुती पदार्थ आहे, त्यात खोटे काही नव्हते. म्हणूनच मागच्या दालनातल्या चांदीविषयीही आम्हाला शंका आली नाही.

त्या दालनात एक तरुण बाई होती. तिने चांदीची म्हणून एक बारीक तार कात्रीने तोडली, ज्योतीवर धरली आणि ती पांढरीच राहते हे दाखवले. बांगड्यांच्या आतल्या बाजूला ९९०, म्हणजे ९९ टक्के शुद्ध चांदी, असा शिक्का होता. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन बांगड्या ४६-४६ ग्रॅमच्या आणि दोन मासे कोरलेला एक कंगवा ३८ ग्रॅमचा भरला. एकूण १३० ग्रॅम, दर ३० युआन, म्हणजे ३,९००. हा दर आपल्याकडच्या भावाच्या दुपटीहून जास्त आहे हे मला तत्क्षणी कळले होते. परंतु हाताची घडणावळ आहे, मुलीसाठी आयुष्यभराची वस्तू होईल, असे पत्नीला वाटले आणि मलाही वाटले. ज्योतीवर धरलेली तार आणि हातातली बांगडी एकाच धातूची आहे असे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. ते आमचे आम्ही मानून घेतले.

मी फोन काढला तेव्हा ड्रायव्हर पुढे आला. कार्डाने दिले तर ११४ युआन जास्त जातील, काल तुमचे २७ गेलेच आहेत, रोख द्या, ती १०० कमी करील. ज्या देशात रस्त्यावर भाजलेली रताळी विकणाऱ्या म्हातारीच्या हातगाडीलाही क्यूआर कोड लटकवलेला असतो, त्या देशात एक दुकान रोख मागते, याचा अर्थ मला त्याच क्षणी लागायला हवा होता. रोखीची नोंद कुठेही राहत नाही, हे बँकेतल्या माणसाला शिकवावे लागत नाही. मी मात्र ११४ युआन, म्हणजे १,४३६ रुपये वाचवल्याच्या समाधानात शंभराच्या ३८ नोटा मोजल्या. ती मोजत असताना मी पुन्हा तिच्याबरोबर मोजल्या. नोटा दोनदा मोजल्या आणि कागद एकदाही वाचला नाही.

तो क्षण मी रोज आठवतो. तिने कार्बन लावलेल्या गुलाबी कागदावर चार अक्षरे लिहिली, फाडून दिला. पत्नी म्हणाली, “अहो, त्यावर काय लिहिलंय ते बघा ना एकदा.” मी म्हणालो, “अगं, पावतीच आहे.” आणि पासपोर्टच्या पाकिटात घडी घालून ठेवला. त्याच सकाळी न्याहारीला मी फोनच्या अनुवादकाचा कॅमेरा धरून हॉटेलचे पदार्थपत्रक ओळीओळीने वाचले होते. तोच कॅमेरा त्या चिठ्ठीवर धरायला पाच सेकंद पुरली असती. त्या चिठ्ठीवर लिहिले होते: ‘हस्तकलेच्या वस्तू, नग ३, ३,८००.’ चांदी हा शब्द नाही, वजन नाही, दर नाही, दुकानाचे नाव नाही, लाल गोल शिक्का नाही. तीन जुळवून आणलेल्या दिवसांपैकी एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्यासमोर उघडी ठेवली होती.

उलगडा त्याच संध्याकाळी झाला. लोंगजी म्हणजे ड्रॅगनचा कणा. पिंगआन हे च्वांग या वांशिक समाजाच्या लोकांचे गाव त्या उतारावर आहे आणि दगडी पायऱ्या चढतच वर जावे लागते. पायऱ्यांच्या कडेला एका बाईच्या फळीवर तोच कंगवा, तेच दोन मासे, ४५ युआन. तीच बांगडी ६० युआन. आमच्या तिन्ही वस्तू तिच्याकडे १६५ युआनला मिळाल्या असत्या. मी फोनवर ‘चांदी?’ असे विचारले. तिने मान हलवली आणि स्वतः टंकून दाखवले: पांढरे तांबे. पत्नीच्या मनगटाकडे बघून तिने किंमत विचारली नाही, हे तिचे उपकार मानतो. म्हणून तिकडची खेड्यातली माणसे लबाड, असे कृपा करून कोणी म्हणू नये. आमची फसवणूक गावाने केली नाही, गावाचा देखावा मांडून बसलेल्यांनी केली. परतल्यावर आमच्या नेहमीच्या सराफाने यंत्रावर तपासून तेच सांगितले: वर नावापुरता मुलामा, आत तांबे, निकेल आणि जस्त.

ड्रायव्हरला मी वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवर संदेश पाठवले. पहिले दोन पोहोचले. तिसऱ्यापुढे लाल उद्गारचिन्ह आले. त्याने मला बंद केले होते.

आता कार्यालयांची कथा. दुसऱ्या दिवशी आम्ही फिरायचे सोडून खालच्या गावातल्या पोलीस चौकीत गेलो. तेथील तरुण शिपाई सौजन्याने वागला, गरम पाणी दिले, पाऊण तास बसवले आणि मग फोनवर लिहून दाखवले की हा गुन्हा नसून खरेदीचा वाद आहे, बाजार-देखरेख कार्यालयात जा. ते कार्यालय दुपारी बाराला बंद झाले ते तीनला उघडले. तीन तास आम्ही पायरीवर बसलो. उघडल्यावर तेथील बाईंनी ती गुलाबी चिठ्ठी उलटसुलट केली आणि विचारले, फापियाओ कुठे आहे? फापियाओ म्हणजे त्यांच्याकडचे अधिकृत कर-बिल. ते नाही. दुकानाचे नाव? माहीत नाही. पत्ता? बोगद्यानंतर उजवीकडे. रक्कम दिल्याचा पुरावा? रोख. मग ती म्हणाली, यावर हस्तकलेच्या वस्तू लिहिले आहे आणि तुमच्याकडे हस्तकलेच्या वस्तू आहेत. तिचे वाक्य कागदाच्या दृष्टीने अचूक होते आणि तेच मला सहन झाले नाही.

मी ड्रायव्हरला अलिपेवरून दिलेल्या ९०० युआनची नोंद दाखवली. त्या नोंदीवरून माणूस सापडतो, एका फोनचे काम आहे, असे मी पुनःपुन्हा सांगितले. उत्तर आले की ती रक्कम प्रवासाची, प्रवास तर झाला, तक्रार कशाची? मग तक्रारीचा दूरध्वनी. अठरा मिनिटे चिनीत संगीत आणि सूचना, त्यानंतर तोडके इंग्रजी बोलणारा एक मुलगा, आणि त्याने मागितला दुकानाचा १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक. तो भिंतीवरच्या परवान्यावर असतो. हे आधी ठाऊक असते तर मी त्याच भिंतीचा फोटो काढला असता. मी काढला तो चहाच्या वाट्यांचा.

परत आल्यावर मी कायदे वाचले, आणि संताप खरा तेव्हा झाला. चीनच्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे फसवून विकलेल्या वस्तूच्या किमतीच्या तिप्पट भरपाई मागता येते. १ ऑक्टोबर २०१३पासून लागू असलेल्या पर्यटन कायद्याच्या ३५व्या कलमात तर प्रवासी कंपनीने दुकानात नेऊन दलाली खाल्ली असेल तर सहल संपल्यापासून ३० दिवसांत माल परत करून पैसे मागण्याचा हक्क प्रवाशाला दिला आहे. आमचा ड्रायव्हर खाजगी, त्यामुळे हे दुसरे कलम आम्हाला लागू पडत नाही. परंतु पहिले पडत होते, आणि ज्या तीन ठिकाणी आम्ही हात जोडून उभे राहिलो त्यांपैकी कोणीही त्याचा उच्चार केला नाही. मी सराफाच्या अहवालासह दोन ई-मेल पाठवले. एकाला उत्तर नाही, दुसऱ्याला ‘पुराव्याअभावी प्रकरण बंद’ अशी एक ओळ. प्रवास-विम्याच्या कंपनीने चोरी आणि स्वखुशीने केलेली खरेदी यांतला फरक मला समजावून सांगितला. व्हिसा काढून देणाऱ्या एजंटने, ज्याने आमच्याकडून सेवाशुल्क रोख आणि आगाऊ घेतले होते, “काका, खरेदीचं आमच्याकडे काही नसतं,” एवढेच म्हणून फोन ठेवला.

जाणाऱ्यांनी एवढे करावे. तीन टक्के जाऊ द्या, पण १०० युआनच्या वरची कोणतीही रक्कम रोख देऊ नका. पैसे देण्यापूर्वी चिठ्ठीवर कॅमेरा धरा. धातूचे नाव, शुद्धता आणि वजन लिहून मागा, लिहायला नकार आला तर उठा. भिंतीवरच्या परवान्याचा आणि गाडीच्या पाटीचा फोटो आधी, डोंगरांचा नंतर. लोंगजीला ग्वीलिन शहरातून बस जाते, ती घ्या. ग्राहक तक्रारीसाठी १२३१५ आणि सरकारी सेवेसाठी १२३४५ हे क्रमांक जवळ ठेवा, पण फोन त्याच गावात असताना, हॉटेलच्या माणसाला शेजारी बसवून करा.

आणि शिंगपिंगकडून येताना बोगदा संपल्यावर उजवीकडे, काळ्या कौलांच्या घरापुढे दोन दगडी ढोल ठेवलेले दिसले आणि दारात कोणी ठोकठोक करीत बसले असेल, तर गाडीतून उतरू नका.