हवा भरायची कयाक, एका हंगामानंतर: तळ उत्तम, पण व्हॉल्व्हचा पाना खोक्यात का नाही?

दोघांनी बसून वल्हवायची कयाक (लांबट, अरुंद होडी) आहे. बाजूच्या नळ्या पीव्हीसीच्या, तळ ड्रॉप-स्टिचचा, म्हणजे आतून धाग्यांनी बांधलेला. लांबी-रुंदी, वजन वगैरे तुम्ही बघितलंच असेल. हंगाम संपता संपता मित्रांबरोबर नदीवर गेलो आणि भर प्रवाहात डावी नळी मऊ पडली, म्हणून हे लिहितोय.

तळाला मात्र पैकीच्या पैकी गुण. वरच्या-खालच्या कापडाला आतून असंख्य धाग्यांनी बांधलेलं असल्यामुळे तो ८ ते १० पीएसआय दाब सहज घेतो आणि फळीसारखा ताठ राहतो. दगडगोट्यांवरून घासत नेली तरी ओरखड्यांपलीकडे काही झालं नाही. सीट ठीक.

आता व्हॉल्व्ह. सकाळी काठावर उन्हात दोन्ही नळ्या ३ पीएसआयपर्यंत भरल्या, दाबमापकावर बघून. पाण्यात उतरून थोडा वेळ झाला नाही तोच डाव्या नळीत अंगठा खोल रुतायला लागला. कयाक मध्ये वाकली, वल्हं मारावं तेवढी पुढे जाईना. माल खराब आहे, परतच करायचा, असं मी तिथेच ठरवलं होतं.

पण मित्राची कयाक दुसऱ्या कंपनीची, तीही थोडी सैल झाली होती. तेव्हा उलगडा झाला. आतली हवा ३० अंशांवरून १५ वर आली की ३ पीएसआयचे दोन-सव्वादोनच उरतात. हंगामाच्या शेवटी ऊन कडक आणि पाणी गार, त्यामुळे हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून कयाक आधी पाण्यात सोडायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मग पुन्हा पंप मारायचा. उलट, दुपारी काठावर ओढून ठेवली तर थोडी हवा सोडायची, नाहीतर शिवणीवर ताण येतो. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही.

एवढं करून उजवी नळी दिवसभर टणक राहिली. डावी मात्र दुपारपर्यंत पुन्हा मऊ. साबणाचं पाणी लावलं, तर व्हॉल्व्हच्या कडेने, जिथे कापड दोन चकत्यांमध्ये आवळलेलं असतं तिथून, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, फक्त ढिला. मित्राकडे पाना होता. पाव आटा आवळला आणि बुडबुडे थांबले.

तो पाना म्हणजे प्लास्टिकचा साधा तुकडा. कंपनी तो वेगळा विकते! खोक्यात कयाक नेण्याची पिशवी आहे, ठिगळं आहेत, गोंद आहे, आणि ज्याची हमखास गरज पडते तेवढंच नाही. तक्रार केली तर आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, आणि शेवटी सांगितलं की स्वखर्चाने कयाक पाठवा. पाव आट्यासाठी अख्खी कयाक पाठवायची?

किरकोळ गोष्ट ताणतोय असं वाटेल, पण गार पाण्यात ती किरकोळ राहत नाही. पडल्यावर पहिलं मिनिटभर नुसती धाप आवरण्यात जातं. खूपच थंड पाण्यात दहाएक मिनिटांत बोटंही नीट चालेनाशी होतात. वाकलेली, पाणी घेणारी कयाक अशा वेळी कशी सावरणार? कपडे हवेकडे बघून नव्हे, पाण्याकडे बघून घाला आणि लाइफ जॅकेटचे पट्टे सैल ठेवू नका.

फिनबद्दल, म्हणजे तळाखालच्या पात्याबद्दल, थोडक्यात. पाणी उतरलेलं असलं की ती प्रत्येक उथळ धारेत अडकते. काढली तर नाक गरगर फिरतं, पण उथळ पाण्यात तेच परवडतं. फिनच्या खाचेत वाळू गेली की फिन निघता निघत नाही, म्हणून दर वेळी खाच धुवा.

परत करायचा विचार सोडला आहे. संथ नदीसाठी या वर्गातली ही कयाक मी आजही घेईन. मात्र ऑर्डर करतानाच पाना घ्या आणि पहिल्यांदा हवा भरण्याआधी सगळे व्हॉल्व्ह आवळून बघा. पाच पैकी साडेतीन. अर्धा गुण पान्यासाठी कापला, एक कंपनीच्या त्या उत्तरांसाठी.