कस्टम ६५० देऊन क्लासिक ३५० घ्यावी का?

रॉयल एन्फील्डच्या इंटरसेप्टर ६५० वर बनवून घेतलेली माझी बॉबर (मागची सीट काढून खाली बसवलेली बाईक) एक्स्चेंजला द्यायची का, हे ठरवायला त्यांचीच क्लासिक ३५० खानापूर ते जांबोटी चालवून बघितली.

ताकदीत तुलनाच नाही. तिकडे ६४८ सीसी, ४७ बीएचपी. इकडे ३४९ सीसी आणि जेमतेम २०. निपाणीकडे हायवेला लागलं की क्लासिक लवकर दमते. पण माझं रोजचं जाणं-येणं हायवेवर नाही. पावसाळ्यानंतर चोर्ल्याकडच्या रस्त्याची चाळण होते. तिथं बॉबर इतकी खाली बसवलेली की सायलेन्सर खड्ड्याच्या कडेला घासतो. मागं सीटच नाही, म्हणजे आईला बेळगावला दवाखान्यात न्यायचं तर एसटीच. क्लासिकवर आई मागचं हँडल धरून निवांत बसली. २७ एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, खालच्या आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे दोघांना घेऊन चढावर गिअर सारखा पाडावा लागत नाही. ही गाडी आमच्या रस्त्यांसाठीच आहे, असं मनापासून वाटलं.

एक्स्चेंजचा हिशोब मात्र जिवाला लागतो. शोरूमवाले कस्टम कामाचा एक रुपयाही धरत नाहीत, उलट मूळ सीट, हँडलबार, सायलेन्सर मागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचना बदललेली गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची म्हटली की गिऱ्हाईकही कचरतं.

तरी मी बदलतोय. मूळ पार्ट माळ्यावर जपून ठेवलेत, ते बसवून गाडी देईन. हातानं रंगवलेली टाकी तेवढी काढून घेणार. ती कुठल्याच भावात द्यायची नाही.