ओबीबी फाइल जागेवर टाकायची: फोनवरूनच, की केबल लावून?

मोठ्या गेमचे जुने अँड्रॉइड पोर्ट (फोनसाठी काढलेल्या आवृत्त्या) विकत घेऊन ज्यांनी एपीके (ॲप फोनवर टाकायची फाइल) आणि ओबीबी (गेमचा बाकीचा मोठा डेटा असलेली वेगळी फाइल) दोन्ही जपून ठेवलेत, त्यांना फोन बदलला की हा प्रश्न पडतोच. (२०२१च्या ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या गेमची तऱ्हा वेगळी आहे, ओबीबीची भानगड जुन्यांचीच.) मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय.

ओबीबीची जागा म्हणजे फोनमधला ‘अँड्रॉइड/ओबीबी’ फोल्डर. तिथे फोनवरच्या फाइल मॅनेजरमधून कॉपी-पेस्ट करणं अँड्रॉइड १० पर्यंत अगदी बिनघोर होतं. २०२० साली अँड्रॉइड ११ आलं आणि त्या फोल्डरला कुलूप लागलं. आता एखादा फाइल मॅनेजर आत शिरतो, एखादा रिकामा फोल्डर दाखवतो, एखादा परवानगीच्या पाटीवरून फिरवून पुन्हा दारातच आणून सोडतो. तुमच्याकडचा आत शिरत असेल तर कॉम्प्युटर उघडायची गरज नाही, हे कबूल. दोन-तीनशे एमबीची फाइल असली तर मीसुद्धा आधी तेच करून बघतो.

केबलची वाट म्हणजे एडीबी, कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन. त्याला सुरुवातीची कटकट आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटा, यूएसबी डिबगिंग चालू करा, मग कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत पुशची (फाइल फोनवर ढकलायची) आज्ञा टाइप करा. त्यातही एक खड्डा आहे. पॅकेजच्या नावाचा (म्हणजे गेमच्या आतल्या, ‘कॉम.’ने सुरू होणाऱ्यासारख्या नावाचा) फोल्डर आधी बनवला नसेल आणि आज्ञेतल्या पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ द्यायला विसरलात, तर तुमची ओबीबीच त्या फोल्डरचं नाव घेऊन बसते. मी पडलोय त्यात. तेव्हापासून फोल्डर आधी बनवतो.

तरीही मी केबलकडे वळलो ते एका रात्रीमुळे.

१.८ जीबीची फाइल होती. फाइल मॅनेजरमध्ये पेस्ट दाबलं, फोन बाजूला ठेवला. परत येऊन पाहतो तर फाइल जागेवर, नावही बरोबर. गेम उघडला की काळा पडदा, आणि दोन सेकंदांत पुन्हा होम स्क्रीन. आधी संशय फाइलच्या नावातल्या आकड्यावर. नाव असं असतं: मेन, मग आकडा, मग पॅकेजचं नाव, शेवटी ओबीबी. ‘मेन’नंतर येतो तो एपीकेचा व्हर्जन कोड (आवृत्तीचा आतला पूर्ण आकडा), सेटिंग्जमध्ये दिसणारं १.०८ वगैरे नव्हे, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. माझा आकडा बरोबर होता. मग गेम काढून पुन्हा टाकला. गेम काढताना अँड्रॉइड ओबीबीचा फोल्डरही सोबत नेतं, म्हणजे कॉपी पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी साइज बघायची बुद्धी सुचली: १.१ जीबी. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन फाइल मॅनेजरलाच झोपवत होता, आणि अर्धवट फाइल पूर्ण नाव लावून मिरवत होती. कुठे एका शब्दाची तक्रार नाही!

बऱ्याच ओबीबी म्हणजे आतून साध्या झिपच असतात, आणि झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. शेपूट तुटलं की निम्म्याहून जास्त माल आत असूनही गेमला काहीच सापडत नाही.

एडीबी पुश करताना टक्के सरकताना दिसतात, आणि शेवटी किती बाइट किती सेकंदांत गेले ते छापून येतं. केबल हलली तर तिथल्या तिथे एरर. तो बाइटचा आकडा मूळ फाइलशी ताडून पाहिला की निदान हा एक संशय मिटतो. मला तेवढं पुरतं. बाकी नाव चुकलं असेल तर केबलही वाचवत नाही. बरेच गेम दोन्हीकडे तोच उद्धट संदेश देतात, की तुम्ही हे ॲप विकत घेतलेलं नसावं म्हणून डाउनलोड फसलं. पावती खिशात असताना हे वाचणं जिवावर येतं, पण त्याचा अर्थ बहुधा एवढाच की गेमला फाइल दिसली नाही.

तुमच्या फाइल मॅनेजरने कधी दगा दिला नसेल, तर बदलाच असं मी म्हणणार नाही. पेस्ट संपेपर्यंत स्क्रीन चालू ठेवा आणि साइज बघा, बस. दोन्ही वाटांवर उपयोगी पडणारी एक युक्ती मात्र सांगतो: गेम काढण्याआधी ओबीबीच्या फोल्डरच्या नावाला शेवटी एक जादा अक्षर जोडा. काढताना अँड्रॉइडला तो सापडत नाही. गेम पुन्हा टाकला की अक्षर पुसा. एडीबीत हे एका ओळीचं काम आहे. फाइल मॅनेजरमध्येही होतं, त्याने आत शिरू दिलं तर.