धुरावलेला बांगडा फ्रीझरमध्ये: व्हॅक्युम पिशवी की फॉइल?

नाशिकला समुद्र नाही, त्यामुळे चांगला बांगडा मिळाला की दोन-तीन किलो एकदमच घेते. मीठ लावून, आंब्याच्या लाकडावर धुरावून ठेवते. (द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या इथे फुकट मिळतात, पण त्यांवर फवारणी झालेली असते. त्या नकोतच.)

फॉइलची पद्धत स्वस्त. आधी प्लॅस्टिकची फिल्म घट्ट गुंडाळायची, वर फॉइल. पण कितीही दाबलं तरी आत थोडी हवा राहतेच. बांगडा तेलकट मासा. तेलाला हवा लागली की खवट वास येतो आणि कडा कोरड्या पडतात. महिनाभरात संपणार असेल, तर एवढं पुरे. रोहूसारख्या कमी तेलाच्या माशाला तर नक्कीच.

व्हॅक्युम पिशवीत (मशीनने आतली हवा काढून बंद केलेल्या) उणे 18 अंशांवर दोन-तीन महिने चव टिकते. मशीनचा खर्च मात्र आहे, आणि एक धोकाही. बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू हवा नसतानाच वाढतात. गोठलेलं असताना ते वाढत नाहीत, पण मारलेही जात नाहीत. म्हणून पिशवी कापून, फ्रीजमध्येच मासा वितळवायचा. ओट्यावर कधीच नाही. लांबलचक वीज गेली आणि मासा मऊ पडला, तर पुन्हा गोठवत बसू नका.

दोन्हींत मासा आधी फ्रीजमध्ये पूर्ण गार करा, नाहीतर वाफेचा बर्फ होतो. मी बांगड्याला व्हॅक्युम, रोहूला फॉइल वापरते.