छंदाचं सामान: डिशवॉशर की बादली?

जळगावची मावसबहीण अडलीय: पोराचा क्रिकेटचा गार्ड, तिचे रोपांचे ट्रे डिशवॉशरला लावावेत की हातानं घासावेत?

पाणी मशीनला कमी लागतं, फेरीला साधारण 10-15 लिटर. पण बोअरच्या जड पाण्यात डिशवॉशरचं मीठ भरलं नाही, तर सगळ्यावर पांढरी पुटं चढतात. टिकाऊपणात बादलीच पुढे. 60-70 अंशांच्या पाण्यात पातळ प्लास्टिक वाकतं, ॲल्युमिनियम काळवंडतं. मेहनत फारशी वाचत नाही: ट्रेच्या कोपऱ्यातली काळी माती आधी काढावीच लागते, नाहीतर फिल्टर तुंबतो.

जाड प्लास्टिकचा गार्ड वरच्या रॅकमध्ये चालेल, जेवणाच्या ताटांसोबत मात्र नको गं बाई! पातळ ट्रे बादलीत. फिशटँकमधले दगड असतील, तर तेही हातानंच आणि साबणाशिवाय.