नाशिकमध्ये आठ महिने टाको खाल्ल्यावर: सगळं पोळीवर ठरतं

जुलै ते फेब्रुवारी या आठ महिन्यांत मी नाशिकमध्ये अकरा ठिकाणी टाको खाल्ले. टाको म्हणजे पोळीत सारण भरून, दुमडून खायचा मेक्सिकन पदार्थ. चार ठिकाणी पुन्हा गेले, एका ठिकाणी तर नऊ वेळा. दुसऱ्या आठवड्यातच लेकीने एक वही केली. तारीख, भाव, पोळी कशाची, चटणी ताजी की बाटलीतली, एवढं प्रत्येक वेळी घरी येऊन लिहायचं असं ठरलं. हे सगळं त्याच वहीवरून लिहिते आहे.

हॉटेलांची नावं मुद्दाम देत नाही. आपल्याकडे आचारी बदलला की चव बदलते. महात्मानगरच्या ज्या कॅफेला आम्ही ऑगस्टमध्ये वहीत वरचा नंबर दिला होता, तिथे डिसेंबरमध्ये त्याच भावात गारढोण पोळी आणि चिरून काळा पडलेला कांदा आला. विचारलं तर जुने आचारी सोडून गेले होते. म्हणून नावापेक्षा काय बघायचं, काय विचारायचं ते सांगते.

पहिल्यांदा बघायची ती पोळी. मेक्सिकोत तिला तोर्तिया म्हणतात. ठेचा कितीही झणझणीत असला तरी सकाळची बाजरीची भाकरी रात्री कोरडी ठक्क झाली की जेवणात राम राहत नाही, टाकोचंही तसंच आहे. भाकरी थापण्यात ज्यांचा जन्म गेला अशा बायका आपल्या घराघरांत आहेत. ताजी भाकरी आणि शिळी भाकरी आपण डोळे मिटून ओळखतो. मग त्याच जिभेने टाको का पारखू नये, असं मला सारखं वाटत राहिलं.

अकरापैकी सात ठिकाणी कडक कुरकुरीत शेल मिळालं, इंग्रजी यू अक्षरासारखं वळलेलं, पाकिटातून काढलेलं. ते मेक्सिकोचं नाहीच असं मी म्हणणार नाही. तिथेही टाको तळतात, त्याला 'टाको दोरादो' म्हणतात, दोरादो म्हणजे सोनेरी. पण तिथे मऊ तोर्तियात सारण भरून ती दुमडतात आणि मग तळतात. रिकामं शेल आधी तळून ठेवायचं आणि नंतर भरायचं, ही पद्धत वाढली अमेरिकेत. न्यूयॉर्कमध्ये उपाहारगृह चालवणाऱ्या हुवेन्सिओ माल्दोनादो या मेक्सिकन गृहस्थांना अशी शेल तळण्याच्या साच्याचं पेटंट १९५० मध्ये मिळालं. पुढे १९६२ मध्ये ग्लेन बेल यांनी कॅलिफोर्नियात टाको बेल ही उपाहारगृहांची साखळी सुरू केली आणि कडक शेल जगभर गेलं. आपल्याकडे टाको म्हटलं की डोळ्यापुढे येतं ते हेच.

अडचण अशी की पाकिटातलं शेल कधीचं तळलेलं आहे ते आपल्याला कळत नाही. जुलैत एका रविवारी आम्ही बऱ्यापैकी महागड्या ठिकाणी गेलो, दोन टाकोंचे ३२० रुपये. पहिल्या घासालाच खवट वास आला, डब्यात राहिलेल्या जुन्या खोबऱ्याला येतो तसा. वाढणाऱ्या मुलाला सांगितलं, त्याने बिचाऱ्याने दुसरी प्लेट आणली, पण शेल त्याच पाकिटातलं. शेवटी मॅनेजर आले आणि म्हणाले, "मॅडम, मेक्सिकन चव अशीच असते." याचं मला फार वाईट वाटलं. खवट तेल कुठल्याही देशात खवटच असतं. गिऱ्हाइकाला माहीत नाही म्हणून त्याच्या जिभेलाच चुकीचं ठरवायचं, हे बरोबर नाही. तुमच्या बाबतीत असं झालं तर प्लेट परत करा आणि पैसे देऊ नका. मी त्या दिवशी दिले, त्याची चुटपुट अजून आहे.

कॉलेज रोडला एक छोटं कॅफे मात्र हेच पाकीट नीट वापरतं. भरण्याआधी शेल तीन-चार मिनिटं ओव्हनमध्ये गरम करतात. पावसाळ्यात पापड सादळतो तशी ही शेलंही सादळतात, गरम केली की ओल जाते आणि मक्याचा वास वर येतो. चावल्यावर मधोमध तुकडे होऊन सारण मांडीवर सांडत नाही. एवढी साधी गोष्ट बाकी सहा ठिकाणी कोणी करत नव्हतं.

घरपोच मागवू नका, कडक शेलचे तर नाहीच नाही. कॉलेज रोडहून इंदिरानगरला पार्सल येईपर्यंत राजम्याचं पाणी शेलमध्ये मुरतं. तीनदा मागवले, तिन्ही वेळा चमच्याने खाल्ले.

मऊ गव्हाच्या टाकोला काही लोक नाक मुरडतात, मक्याचा नाही तो टाकोच नाही म्हणतात. ते खरं नाही. उत्तर मेक्सिकोत, सोनोरा भागात, गव्हाच्या तोर्तियाच जास्त खातात. इंदिरानगरमध्ये एक नवरा-बायको संध्याकाळी सहानंतर दुकान लावतात. ताई तिथेच लाटतात आणि दादा भरतात. पोळी कणकेची, थोडा मैदा, आणि तव्यावरून थेट हातात. १४० रुपयांना तीन. आत मसाल्यात परतलेला राजमा, कांदा, कोथिंबीर, वर लिंबू. बाकी काही नाही. आमच्या वहीत याला दुसरा नंबर आहे. मैद्याची तयार पोळी मायक्रोवेव्हमध्ये फिरवून देणारी ठिकाणं तीन होती. ती पोळी दोन मिनिटांत वातड होते, तिच्यावर जास्त लिहीत नाही.

सारणाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पनीर टिक्का टाको, चिकन सुक्का टाको याला माझी हरकत नाही. जिथे जे पिकतं, जे शिजतं, ते भाकरीत गुंडाळून खाणं हाच टाकोचा जीव आहे. हरकत आहे ती गोड मेयोनीजला. अकरापैकी आठ ठिकाणी ते होतं, आणि जिथे होतं तिथे पनीर, चिकन, मशरूम सगळ्याची चव एकच लागत होती. ऑर्डर देतानाच "मेयो नको, लिंबू जास्त द्या" म्हणा. अर्धा फरक तिथेच पडतो.

आणि बाटलीतली साल्सा, म्हणजे टाकोवर घालायची तिकडची चटणी. नाशिकमध्ये बाटलीतली साल्सा कशाला हवी? गिरणाऱ्याचा, पिंपळगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, पंचवटीच्या मार्केटमधून मुंबईला जाणाऱ्या कोथिंबिरीच्या जुड्या, हे सगळं हाताशी आहे. टोमॅटो, मिरची, मका, राजमा ही चारही मुळात तिकडचीच, अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेली. आणि टाकोवर जे लिंबू पिळतात, कोथिंबीर भुरभुरतात, ती दोन्ही आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेली. ज्याला तिकडे मेक्सिकन लाइम म्हणतात ते आपलं कागदी लिंबूच. म्हणजे टाकोची अर्धीअधिक ताटली नाशिकच्या बाजारात रोज सकाळी उतरते. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरून मीठ-लिंबू घातलं की तिथली 'पिको दे गायो' तयार, म्हणजे आपली कोशिंबीरच. पाच मिनिटांचं काम आहे.

गंगापूर रोडच्या एका कॅफेत जानेवारीत जे खाल्लं ते विसरणार नाही. मेक्सिकोत हिरवी साल्सा तोमातियो नावाच्या आंबट फळाची करतात, ते इथे मिळत नाही. तिथल्या आचारी ताईंनी हंगामाच्या सुरुवातीची, अजून साखर न भरलेली हिरवी द्राक्षं तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजली, त्यात भाजलेली मिरची, लसूण आणि मीठ घालून भरड वाटली. आंबट, तिखट, जरासा धुराचा वास. खाली कोंबडीचे तुकडे होते, पण मी नंतर नुसती साल्सा वाटीत मागून घेतली. फेब्रुवारीत द्राक्षं गोड झाली तशी त्यांनी ती बंद केली. हंगाम बघून पदार्थ ठेवणारं ठिकाण मला त्या एका गोष्टीसाठी आवडलं, पोळी तिथे तयारच असली तरी.

त्याच रस्त्यावर पुढे एका शोरमाच्या गाडीवर 'टाको' अशी पाटी दिसली. मी आधी टाळलं होतं. मग वाचनात आलं की गेल्या शतकाच्या पूर्वार्धात लेबनॉनकडून गेलेल्या लोकांनी पुएब्ला शहरात उभ्या सळईवर मांस भाजायला सुरुवात केली, त्यातून 'टाको आराबे' झाले आणि त्यातूनच पुढे डुकराच्या मांसाचे, अननस घातलेले 'आल पास्तोर' टाको आले. म्हणजे सळईवरची कोंबडी पोळीत भरून देणारा हा गाडीवाला नकळत अगदी जुन्या वाटेवर आहे. पांढरा सॉस काढायला सांगून, कांदा-लिंबू मागून खा. चांगला लागतो.

आता नऊ वेळा गेले ते ठिकाण. पाथर्डी फाट्याजवळ रस्त्याच्या कडेला एक गाडी लागते. एक तवा, एक लोखंडी प्रेस, स्टीलचे चार डबे. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या दादांनी लिंबाएवढा पिवळसर गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवला, प्रेसचा दांडा दाबला, कागद सोलून चकती तव्यावर टाकली. कडा सुटल्यावर उलटली, परत उलटली, आणि बोटाने मधोमध हलकं दाबलं तशी ती फुलक्यासारखी फुगली. त्या वाफेचा वास आला आणि मी लेकीचा हात धरला. ओल्या मक्याचा, थोडा मातीचा, थोडा भाजलेल्या कणसाचा, असा वास याआधी एकाही ठिकाणी आला नव्हता.

मी विचारलं, "दादा, हे मक्याचं पीठ कुठून आणता?"

"पीठ नाही ताई, मका आणतो. रात्री चुन्यात शिजवून ठेवतो, सकाळी धुऊन वाटतो."

जहाजावरच्या स्वयंपाकघरात ते बरीच वर्षं होते, तिथे मेक्सिकन सहकाऱ्यांकडून शिकले. चुना तोच, पानाला लावतो तो. चुन्याच्या पाण्यात मक्याची साल सुटते, दाणा मऊ होतो आणि पिठाला चिकटपणा येतो. साध्या मक्याच्या पिठाची भाकरी वाकवली की तडकते, ही तडकत नाही, ती याच्यामुळे. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, एरवी अंगी लागत नाही, चुन्यामुळे ते मोकळं होतं. युरोपने मका नेला, ही पद्धत नेली नाही. मग उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे गरिबांचं पोट मक्यावरच होतं, तिथे पेलाग्रा नावाच्या रोगाने हजारो माणसं गेली. एका चिमटीची गोष्ट, आणि केवढा फरक.

चौथ्या वेळी सासूबाईंना घेऊन गेले. त्या येवल्याच्या. माहेरी शेतात मका असतो, पण सगळा कोंबड्यांच्या खाद्याला जातो. त्यांनी सारण आधी ताटलीत काढून ठेवलं, रिकामी पोळी दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली. "तडकली नाही गं," म्हणाल्या. मग दादांना म्हणाल्या, "बाळा, मीठ कमी आहे." दादांनी सांगितलं की तोर्तियात मीठ घालतच नाहीत, ते सगळं सारणात आणि साल्सात. सासूबाईंनी तो घास सारणासकट खाल्ला आणि मान डोलावली. घरी येताना रिक्षात त्या चुन्याचंच विचारत होत्या.

घरी करून बघितलं, चार वेळा. किलोभर मक्याला १० ग्रॅमच्या आसपास चुना पुरतो. पहिल्या वेळी मी अंदाजाने जास्त घातला, पोळी कडवट आणि साबणासारखी लागली, सगळं पीठ टाकावं लागलं. मका खाण्याचाच घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, ते चुकूनही नको. पाऊण तास मंद शिजवून रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून साल काढायची आणि तीन-चार पाण्यांत धुवायचा. मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावं लागतं आणि गोळा सैल होतो. इडलीच्या वेट ग्राइंडरमध्ये बरं जमलं. प्रेस नसेल तर दोन प्लास्टिकच्या मध्ये गोळा ठेवून वरून जड पोळपाट दाबला तरी चालतं, जाडी मात्र सारखी येत नाही. चौथ्या वेळी सहापैकी चार फुगल्या. तरी दादांच्या पोळीची सर नाही.

गाडीची उणीवही सांगते. बसायला जागा नाही, राजमा कधीकधी कमी शिजलेला असतो, आणि शाकाहारी सारणं दोनच. भुईमूग आणि लाल मिरचीची भाजलेली साल्सा मात्र आवर्जून मागा, ती आपोआप देत नाहीत. ॲव्होकॅडो तिथे नाही, आणि मला त्याची उणीव भासली नाही. कॅफेत त्याच्या दोन चमच्यांचे ९० रुपये लावतात आणि तो बहुतेकदा कच्चाच असतो.

कुठेही गेलात तरी बसायच्या आधी एकच विचारा: "पोळी इथेच भाजता का?" आमच्या अकरापैकी दोनच ठिकाणी हो म्हणाले, आणि वहीत तीच दोन वर आहेत.

पाथर्डी फाट्याची गाडी शनिवार-रविवारी असते, सातनंतर. तीन टाको १५० रुपये. पहिली प्लेट हातात आली की दुसरी लगेच सांगून ठेवा, साडेनऊपर्यंत पीठ संपतं.